शाळेच्या नाटकाचें भरतवाक्य

महोत्सवांत शाळेच्या मुलांनीं नाटक करावें आणि शेवटीं एकानें पुढें येऊन चार कडव्यांत प्रेक्षकांचा निरोप घ्यावा, ही चाल आपणांस परिचित आहे. तीं कडवीं बहुधा कोणा शिक्षकानें वहीच्या पानावर लिहून दिलेलीं असतात. प्रयोग संपतो आणि पान हरवतें. आमच्या मतें त्या पानाची योग्यता मोठी आहे.

नाटकाच्या अंतीं मंगल पद्य म्हणण्याचा प्रघात संस्कृत रंगभूमीइतका जुना असून त्यास भरतवाक्य म्हणतात. कालिदासाच्या शाकुंतलाच्या अखेरीस राजानें प्रजेच्या हितासाठीं झटावें व विद्येचा मान व्हावा, अशी प्रार्थना आहे. पश्चिमेसही हा प्रकार होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेंत लॅटिन नाटकानंतर विद्यार्थी नवें लॅटिन पद्य म्हणत व त्यांत चालू घडामोडींचा उल्लेख असे. येशूसंघाच्या १५९९ च्या शिक्षण-नियमावलींतही शाळेचीं नाटकें क्वचित्, लॅटिन भाषेंत व धार्मिक विषयावर व्हावीं, असें घालून दिलें होतें.

नाटक पुष्कळदां उसनें असतें, तें कोणत्याही गांवीं होऊं शकेल. शाळेनें स्वतः रचलेलें भरतवाक्य मात्र त्याच गांवाचें व त्याच दिवसाचें असतें. त्या वर्षींचा पाऊस, पीक, रोगराई, कोणाचे आभार मानिले, हें त्यांतच राहतें.

हस्तलिखिताची उपेक्षा करूं नये, याचा दाखला ख्रिस्तपुराणाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें पुराण १६१६, १६४९ व १६५४ सालीं छापलें गेलें. परंतु त्या छापील प्रतींपैकीं एकही उपलब्ध असल्याचें ज्ञात नाहीं. हातानें उतरून घेतलेल्या प्रतींवरूनच सालडाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापविलें.

आपल्या खानदेशांतही असेंच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असतांना सानेगुरुजी वसतिगृहांतील मुलांसाठीं 'छात्रालय' हें दैनिक स्वहस्तें लिहून काढीत. ज्या मुक्ताईच्या नांवावरून एदलाबादचें मुक्ताईनगर झालें, तिचे ताटीचे अभंगही छापखान्यापूर्वीं मुखानें व वह्यांनींच टिकले.

म्हणून आमची विनंती आहे कीं, घरच्या ट्रंकेंत किंवा जुन्या प्रार्थनापुस्तकांत असें पान सांपडल्यास तें टाकून देऊं नये. त्यावर सन, नाटकाचें व लिहिणाऱ्याचें नांव घालून तें धर्मग्रामाच्या दप्तरांत आणून द्यावें. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत आपलीं नांवें राहतात. पण आपली मंडळी त्या दिवशीं काय बोलली, हें पुढील पिढीस अशा पानावरूनच कळेल.