शाळेची घंटा व मुलांची झोप

जानेवारीच्या मध्यास जालन्यास सूर्योदय होतो तो सात वाजून गेल्यावर. ज्या मुलाची शाळा सातास भरते, त्याला सहापूर्वीच उठविले पाहिजे. म्हणजे घड्याळाने सकाळ झालेली असली, तरी आकाशात अद्याप रात्रच असते. ह्याचे एक कारण ऋतूचे आहे, दुसरे मनुष्याने केलेले आहे. भारतीय प्रमाण वेळ ज्या रेखावृत्तावरून मोजतात, ते जालन्याच्या पूर्वेस साडेसहा अंशांवर आहे. आणि दर अंशास चार मिनिटांचे अंतर पडते. त्यामुळे जालन्याचा सूर्य सरकारी घड्याळाच्या सुमारे सव्वीस मिनिटे मागे चालतो, आणि तेथील सातची घंटा सूर्याच्या हिशेबाने साडेसहासच वाजते. ही सव्वीस मिनिटे क्षुल्लक वाटतील. परंतु शाळेची वेळ आजवर कोणाच्या सोयीने ठरत आली, ह्या प्रश्नाचे धागे त्यांत गुंतलेले आहेत.

पहाटेची शाळा ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. तुंगभद्रेपलीकडील बळ्ळारी जिल्ह्याचा कलेक्टर कॅम्बेल ह्याने १८२३ मध्ये देशी शाळांविषयी जो अहवाल लिहिला, त्यात शाळा सकाळी सहास भरत असल्याचे नमूद आहे. जो मुलगा सर्वांआधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत. तिसऱ्यास छडीचा एक हलका फटका, चौथ्यास दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकास एकेक अधिक. झोपेवर असा उघड कर बसविणारी ती शाळा आज कोणी आदर्श म्हणणार नाही. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. त्या मुलाची सकाळ सूर्याची होती. दिवा मालवला की गाव निजे, आणि गाव निजे तेव्हा तोही निजे. लवकर उठण्याची किंमत लवकर निजण्याने फिटत असे.

ही फेड मोडली ती गिरणीच्या भोंग्याने. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाला नऊ तास कामावर ठेवण्यास मुभा दिली होती. म्हणजे आज ज्या वयात मूल शाळेत बसते, त्या वयात मुंबईचे मूल यंत्रापाशी उभे असे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे, ही एक होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. परंतु पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्ताची मर्यादाच निरर्थक झाली. १९०६ मध्ये प्रमाण वेळ लागू झाली तेव्हा मुंबईचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकले. भोंगा त्याच आकड्यावर वाजला, तर कामगारास तेवढे आधी उठावे लागणार हे उघड होते. त्या जानेवारीत काही कामगारांनी ह्याच कारणास्तव काम बंद पाडले. मुंबई नगरपालिकेनेही पुढे कित्येक दशके जुनी वेळच पाळली. घड्याळाचे काटे फिरविणे म्हणजे कोणाच्या तरी झोपेस हात घालणे होय, हे त्या निरक्षर कामगारांस विद्वानांच्या आधी कळले होते.

मुलांना मात्र संप करता आला नाही. शहरांत मुले वाढली, वर्ग अपुरे पडले, आणि एकाच इमारतीत दोन शाळा भरू लागल्या, एक सकाळची व एक दुपारची. सकाळची पाळी बहुधा लहानांच्या वाट्यास आली. ह्या व्यवस्थेत इमारतीची सोय पाहिली गेली, शिक्षकांची पाहिली गेली, बसगाड्यांची पाहिली गेली; निजलेल्या मुलास कोणी विचारले नाही.

विचारणा झाली ती अगदी अलीकडे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप हवी, असे निद्राशास्त्रज्ञ सांगतात. रात्री दहास निजून सकाळी सहास उठणाऱ्या मुलास आठच मिळतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस ह्यांनी हा प्रश्न काढला, आणि ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे ठरले. मुलाच्या झोपेस सरकारी कागदात जागा मिळाली, हे थोडे नव्हे.

पण येथेच थांबणे योग्य होणार नाही. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी ह्यांनी भारतातील मुलांच्या झोपेचा जो अभ्यास केला, त्यात सूर्यास्त तासभर उशिरा झाल्यास मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, असे आढळले. कारण उघड आहे: अंधार उशिरा पडला की मूल उशिरा निजते, पण सकाळची घंटा त्याच्यासाठी थांबत नाही. हा परिणाम गरीब घरांत अधिक तीव्र दिसला. जेथे एकाच खोलीत स्वयंपाक, गप्पा व निजणे चालते, तेथे मुलाची रात्र घरातील शेवटच्या माणसाच्या रात्रीबरोबरच सुरू होते.

जालना जिल्ह्यात ह्याचा अर्थ स्पष्ट होतो. शहरातील लोखंडाच्या कारखान्यांत काम पाळ्यांनी चालते. पहिल्या पाळीस जाणाऱ्या बापाचा डबा पहाटे भरावा लागतो, आणि भांड्यांच्या आवाजाने मूल जागे होते. अंबड, घनसावंगी, मंठा ह्या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस टोळ्या जातात. तेथे नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात ती दोघे फडात उतरतात, आणि कोपीत राहिलेली थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते. तिच्यासाठी शाळा नवास भरो की अकरास, फरक पडत नाही. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना निघाली आहे; तिचे मोल केवळ अक्षरओळखीत मोजू नये, रात्रभराच्या अखंड झोपेतही मोजावे.

म्हणून नुसती शाळा उशिरा भरविल्याने प्रश्न सुटणार नाही. आई सातास कामावर जाते व मूल नवास शाळेत जाते, तर मधले दोन तास त्याला सांभाळणार कोण? हा प्रश्न कष्टकरी आईने विचारला, म्हणजे तो सुधारणेस विरोध समजण्याची चूक आपण सुशिक्षित लोक करतो. वस्तुतः ती लोखंड्यांचीच मागणी पुढे नेत असते: कामाच्या वेळेस मर्यादा असावी, आणि ती माणसाच्या शरीराकडे पाहून ठरावी. शाळेचे दार लवकर उघडावे, पण पाठ उशिरा सुरू व्हावा. लवकर आलेल्या मुलास तेथे बसण्यास व निजण्यास जागा असावी. एवढे करावयास नवा शोध लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वी आधी येणाऱ्या मुलाच्या हातावर सरस्वतीचे नाव लिहीत; आज त्याला उशाशी एक चटई मिळाली, तर सरस्वतीचा अवमान होणार नाही.