निरोपाच्या भाषणातला सलाम

फेब्रुवारी लागला की आमच्या ठाणे-कल्याण भागातल्या शाळांत दहावीच्या निरोप समारंभांची घाई सुरू होते. वर्गणी निघते, फळ्यावर रंगीत खडूने फुलं काढली जातात आणि भाषण करणारी मुलं आपापले कागद घेऊन शिक्षकांच्या मागे फिरू लागतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही भाषांतले कागद येतात.

काही वर्षांपूर्वी एका मराठी शाळेत असताना एका मुलीने तिचं भाषण तपासायला दिलं. सुरुवात अशी होती : बिस्मिल्लाह, अस्सलामु अलैकुम, सर्वांना नमस्कार. मी लाल पेनाने ‘नमस्कार’ ठेवला आणि आधीचं सगळं खोडलं. मला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. उगाच चर्चा नको, एवढंच मनात होतं. मुलीने काही विचारलं नाही. कागद घडी करून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. सरस्वतीच्या प्रतिमेला हार घातला, दीपप्रज्वलन झालं, सूचना आली आणि सगळ्या सभागृहाने हात जोडून प्रार्थना म्हटली. त्यात मीही होते. शाळेने सगळ्यांकडून करून घेतलेल्या प्रार्थनेत कोणाला धर्म दिसला नाही; एका मुलीच्या स्वतःच्या दोन शब्दांत मात्र तो मला दिसला, मी मुसलमान असूनही. हा गोंधळ माझ्या एकटीचा नाही. त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

1854 साली वुडचा खलिता आला. सरकारी शाळांत बायबल शिकवावं, अशी मिशनऱ्यांची मागणी होती. खलित्याने सांगितलं की सरकारी शाळेतलं शिक्षण धर्मापासून वेगळंच राहील. बायबल शाळेच्या ग्रंथालयात असेल. एखाद्या विद्यार्थ्याने आपणहून मास्तरांना त्याबद्दल विचारलं, तर शाळेच्या वेळेबाहेर त्यांनी सांगायला हरकत नाही. राज्य परक्यांचं होतं आणि त्यांचे हेतूही काही निर्मळ नव्हते. पण ‘आपणहून’ हा शब्द महत्त्वाचा होता. शाळा काय लादते आणि मूल काय निवडतं, यातली रेघ तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

1882 साली हंटर आयोग बसला. महात्मा फुल्यांनी याच आयोगापुढे निवेदन दिलं होतं. मुसलमानांच्या शिक्षणासाठी या आयोगाने वेगळ्या शिफारशी केल्या, हेही आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं. त्याच आयोगाने आणखी एक सूचना केली : सर्व धर्मांना समान असलेल्या तत्त्वांवर नीतीचं एक पाठ्यपुस्तक तयार करावं. ऐकायला किती छान! पण मुंबई इलाख्यातले सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या सूचनेला आपला विरोध लेखी नोंदवला. मला त्यांचा विरोध आजही पटतो. सर्वांना चालेल असा धर्म ठरवणार कोण? ठरवणाऱ्याला आपल्या घरातली रीत नेहमीच ‘सर्वांची’ वाटते.

पुढे 7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत हा विषय आला. सरकारी शाळांत धार्मिक शिक्षण का नको, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समजावून सांगितलं. शाळा सगळ्यांच्या करातून चालते, हा त्यांचा एक मुद्दा होता. देशात अनेक धर्म आहेत आणि खरा मार्ग आपलाच असा प्रत्येकाचा दावा आहे, हा दुसरा. त्यातून आजचं कलम 28 आलं. पूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर कोणालाही त्यात भाग घ्यायला किंवा प्रार्थनेला हजर राहायला त्याच्या संमतीशिवाय भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. आणि आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं स्वातंत्र्य कलम 25 देतं. ते शाळेच्या फाटकाबाहेर काढून ठेवायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

हे कागदावर झालं. माणसांना त्यासाठी झगडावं लागलं. केरळात यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण श्रद्धेपोटी गात नसत. त्यांना शाळेतून काढलं. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आपल्या नाशिकचे शिक्षक संजय साळवे यांनी शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत, म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने कलम 28 चा आधार घेऊन सांगितलं की हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. साळवेसर मुसलमान नव्हते. हा प्रश्न फक्त ‘आपला’ आहे असं समजणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

अमेरिकेतही हेच भांडण आहे. तिथल्या प्रॉव्हिडन्स शहरात 1989 साली एका सरकारी शाळेने निरोप समारंभात प्रार्थनेसाठी यहुदी धर्मगुरूंना बोलावलं. आक्षेप घेणारं कुटुंबही यहुदीच होतं. 1992 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की शाळेने अशी प्रार्थना ठेवायची नाही. शाळा सोडण्याच्या दिवशी मूल सभागृहातून उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याचं गप्प उभं राहणं ही संमती नव्हे.

आता थोडं आपल्या घरात पाहू. ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिका उर्दू शाळाही चालवतात, त्याही सगळ्यांच्या करातून. उर्दू शाळांतला अलविदाई जलसा बहुतेक वेळा तिलावतने सुरू होतो, मग हम्द, मग नात. मराठी शिकवणाऱ्या हिंदू बाई डोक्यावर पदर घेऊन बसतात, बौद्ध शिपाई मामा दाराशी उभे राहतात. त्यांना आपण कधी विचारलं? 2019 मध्ये उत्तर प्रदेशात पिलिभीतच्या एका मुख्याध्यापकांना इक्बालच्या ‘बच्चे की दुआ’वरून निलंबित केलं, तेव्हा आपल्याला राग आला. तो राग खरा होता. पण माप एकच हवं. दुसऱ्याच्या शाळेत आपल्या मुलाचे जोडलेले हात खुपत असतील, तर आपल्या शाळेत बाईंचा पदरही खुपायला हवा.

कोणी म्हणेल, प्रार्थना म्हणजे काही धार्मिक शिक्षण नव्हे. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेविषयी हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2019 साली दोन न्यायमूर्तींनी तो घटनापीठाकडे सोपवावा असं म्हटलं. पण शिक्षकाला निकालाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या परिपाठात संविधानाची उद्देशिका आहेच. समारंभ तिनेच सुरू करावा. मग माईक मुलांच्या हाती द्यावा. कोणी बिस्मिल्लाह म्हणेल, कोणी गणपतीला वंदन करेल, कोणी जय भीम, कोणी फक्त नमस्कार. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अपमान नको आणि दिलेली वेळ पाळायची, एवढीच अट पुरे. मूल बोलतं तेव्हा ते मुलाचं असतं. शाळा सगळ्यांना उभं करून म्हणायला लावते तेव्हा ते शाळेचं होतं.

यंदाही कागद येऊ लागले आहेत. शुद्धलेखनाच्या चुका मी अजून लाल पेनानेच काढते. पहिल्या ओळीपाशी मात्र थांबते आणि विचारते, “हे तुला स्वतःला म्हणायचंय ना?” मूल हो म्हणालं, की पुढच्या ओळीकडे वळते. त्या मुलीलाही मी एवढंच विचारायला हवं होतं.