आवाज कोणाच्या हातात? : कामाच्या पार्श्वध्वनीच्या अभ्यासाची प्रस्तावना

जालना एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर मुरलेला माणूस कानाने काम करतो. भट्टीची घरघर बदलली, मिलच्या स्टँडमध्ये सळई अडकली, एखादे बेअरिंग कुरकुरू लागले, हे तो आधी ऐकतो आणि मग मान वळवतो. त्याच आवारात पत्र्याच्या केबिनमध्ये दुसरा माणूस भंगाराच्या वजनपावत्या आणि जीएसटीचा ताळा जुळवत बसलेला असतो. गोंगाट दोघांना एकच. पहिल्याचे लक्ष त्याच्याच आधाराने टिकते, दुसऱ्याचे त्याच्याशी झगडून. कामाच्या पार्श्वध्वनीचा अभ्यास या दोघांमधल्या अंतराचा अभ्यास आहे. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत इथूनच करणे मला सोयीचे वाटते.

नवखा अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो तो आवाज किती, हा. त्याचे उत्तर आधी देऊन टाकू. डेसिबलच्या मापात दहाने वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ९५ ला चारच तास, १०० ला दोन. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. या रेषेपलीकडे एकाग्रतेची चर्चा करू नये, तिथे आधी कान वाचवावेत. आणि मिलच्या गोंगाटावर मात करायला इअरफोनमध्ये गाणी मोठ्याने लावणे म्हणजे कानावर दुहेरी मारा, शिवाय क्रेनचा भोंगा ऐकू न येण्याची हमी.

रेषेच्या अलीकडे मात्र 'किती' हा प्रश्न झपाट्याने फिका पडतो. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी इंग्रजी बोलणाऱ्यांना अक्षरांच्या रांगा पाठ करायला दिल्या आणि मागे जर्मन भाषेतले वाचन लावले. अर्थ कळत नव्हता, लक्ष देऊ नका असेही सांगितले होते, तरी पाठांतरातल्या चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत हळू बोलण्यानेही जवळपास तेवढाच त्रास होतो असे दिसले. कार्डिफच्या डिलन जोन्स यांनी कारण शोधले ते आवाजाच्या बदलत्या रूपात: एकच अक्षर पुन्हापुन्हा ऐकू आले तर मन त्याला सोडून देते, अक्षरे बदलत राहिली की त्यांच्या मागे धावते. केबिनमधल्या कारकुनाला मिलच्या अखंड घरघरीपेक्षा दाराशी चाललेल्या भोजपुरी किंवा ओडियातल्या गप्पा का नडतात, याचा धागा इथे सापडतो. आणि मराठवाड्यातली मुले उन्हाळ्यात कूलरच्या घोंघाटात अभ्यास का करू शकतात, याचाही. तो घोंघाट बदलत नाही आणि शेजारच्या खोलीतले बोलणे झाकून टाकतो.

२०१२ मध्ये रवी मेहता, रुई झू आणि अमर चीमा यांनी ५०, ७० आणि ८५ डेसिबलच्या संमिश्र गजबजाटात लोकांना कल्पकतेची कोडी घातली. ७० ला ती सर्वांत चांगली सुटली, ८५ ला बिघडली. या निबंधावर कॅफेच्या आवाजाच्या ध्वनिफितींचा मोठा बाजार उभा राहिला. माझे मत विचाराल तर त्यावरून फार ताणले गेले. कोडे सुटायला मन जरा भटकावे लागते. ताळेबंद जुळवताना भटकले तर रुपये चुकतात.

या क्षेत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग जुना आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी (पुस्तक १९७२ चे) लोकांना अवेळी धडधडणारा गोंगाट ऐकवला. काहींना एक बटण दिले, दाबले की आवाज बंद. पण शक्यतो दाबू नका, असे सांगितले. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही नंतरच्या कामात याच लोकांनी चिकाटी जास्त दाखवली आणि मुद्रितशोधनात चुका कमी केल्या. आवाज तोच; तो आपल्या हातात आहे, एवढ्या जाणिवेने फरक पडला.

हे सूत्र हाती धरले की इतिहास वेगळा दिसू लागतो. बीबीसीने २३ जून १९४० पासून ब्रिटनच्या कारखान्यांसाठी रोज संगीत वाजवले, १९६७ पर्यंत. त्यात टेक्सासवरचे एक लोकप्रिय गाणे वर्ज्य होते, कारण त्याच्या ठेक्यावर कामगार हातातली अवजारे सोडून टाळ्या वाजवतील अशी धास्ती होती. गाणे कामगारांसाठी, बटण मात्र नियोजकांकडे. याच्या उलट आपली जात्यावरची ओवी. घरघर जात्याची, फेरा बाईच्या हाताचा, शब्दही तिचेच. वेग वाढवायचा की थांबायचे हे तीच ठरवी. गी प्वातवाँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. लोकसाहित्याचे अभ्यासक त्या वाचतात; कामाच्या मानसशास्त्राने त्यांच्याकडे अजून पुरेसे वळून पाहिलेले नाही, हे मला नवलाचे वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. वरच्यांसारखे बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या तरुणांवर, तासाभराच्या बैठकीत झालेले आहेत. बारा तासांच्या पाळीचे काय, ते त्यांतून कळत नाही. एकाग्रतेसाठी लोक फोनवर पावसाचा आवाज लावतात. २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक असलेल्या जालना जिल्ह्यात तो आवाज मनाला शांत करेल की खिडकीशी नेईल, हे तिकडचे आकडे सांगू शकत नाहीत. जालन्यात हे तपासायला माणसे आणि जागा दोन्ही आहेत: भट्ट्या, डाळ मिल, बियाणे कंपन्या, आणि औद्योगिक क्षेत्रातच २०१८ पासून चालणारे रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने पाळीवरच्या माणसाला आधी एवढेच विचारावे की इथला कोणता आवाज तुम्ही बंद करू शकता. डेसिबल मीटर त्यानंतर पिशवीतून काढावा.