दृश्यशोधक आणि भर उन्हातील छायाचित्रण

छायाचित्रात कोणते दृश्य येणार आहे, त्याची चौकट कोठे सुरू होते व कोठे संपते, हे छायाचित्र घेण्यापूर्वी दाखविणाऱ्या कॅमेऱ्याच्या भागास दृश्यशोधक म्हणतात. घासलेली काच, लहान दुर्बिणीसारखी नळी, आरसा व लोलक यांची जोडणी आणि अखेरीस विद्युत् पडदा अशी त्याची रूपे होत गेली. या सर्वांपुढे एकच अडचण कमीअधिक प्रमाणात उभी राहिली. छायाचित्रणाला प्रकाश हवा असतो. पण जी प्रतिमा पाहून छायाचित्र घ्यावयाचे ती मात्र अंधारातच नीट दिसते. १९९५ नंतर अंकीय कॅमेऱ्याच्या पाठीवर द्रव स्फटिकाचा पडदा आला व भर उन्हात तो दिसेनासा होऊ लागला, तेव्हा ही अडचण नव्याने उद्भवली असे अनेकांना वाटले. वस्तुतः ती छायाचित्रणाहूनही जुनी आहे.

काळोखी कोठी : कॅमेरा हा शब्द ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ म्हणजे काळोखी कोठी या लॅटिन शब्दसमूहातून आला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले असता बाहेरील दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. नेपल्सच्या जांबात्तीस्ता देल्ला पोर्ता यांनी १५५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या साधनाचा चित्र काढण्यासाठी उपयोग सांगितला आणि त्यामुळे त्याची कीर्ती यूरोपभर झाली. येथे पाहणारा स्वतःच कोठीच्या आत असे, त्यामुळे बाहेरच्या उन्हाचा त्यास उपद्रव नव्हता. ज्योतिर्विद योहानेस केप्लर यांनी ही कोठी मैदानात नेली. ऑस्ट्रियातील लिंट्स येथे इंग्रज वकील सर हेन्री वॉटन यांनी त्यांचा काळा तंबू पाहिला आणि त्याचे वर्णन १६२० साली फ्रान्सिस बेकन यांना पत्राने कळविले. तंबू लहान, एका माणसापुरता होता व तो चहूकडे फिरविता येई. वरच्या छिद्रात भिंगाची नळी बसविलेली असे व आतील कागदावर पडणारी निसर्गदृश्याची प्रतिमा केप्लर लेखणीने गिरवीत असत.

साधन पेटीएवढे लहान झाले, तेव्हा पाहणारा बाहेर आला आणि खरी अडचण सुरू झाली. जर्मन धर्मोपदेशक योहान त्सान यांच्या १६८५ च्या ग्रंथातील पेटीत भिंगामागे तिरका आरसा असून प्रतिमा वरच्या काचेवर पडे. त्या काचेभोवती झाकणाचा आडोसा दाखविलेला आहे. अंकीय कॅमेऱ्याच्या पडद्याला पुढे ज्या टोप्या लावण्यात आल्या, त्यांची ही पूर्वज म्हणता येईल.

घासलेली काच व काळे कापड : पॅरिस येथे १९ ऑगस्ट १८३९ रोजी लुई दागेअर यांची पद्धती जाहीर झाली आणि प्रतिमा धातूच्या पत्र्यावर कायम करता येऊ लागली. या पद्धतीच्या कॅमेऱ्यात पत्र्याच्या जागी प्रथम घासलेली काच बसवून तीवर प्रतिमा स्पष्ट करून घेत. ती प्रतिमा उलटी आणि मंद असे. भिंगातून येणारा प्रकाश काचेवर विखुरतो व त्याचा थोडाच भाग डोळ्यात शिरतो. उलट बाहेरचे ऊन त्याच काचेवर पडून तिला पांढरीफटक करून टाकते. योसेफ पेत्सव्हाल यांनी १८४० मध्ये व्हिएन्ना येथे पुष्कळ अधिक प्रकाश घेणारे भिंग तयार केल्याने प्रतिमा उजळली, पण उघड्यावर पाहण्याजोगी झाली नाही. डोके व कॅमेऱ्याची पाठ झाकणारे काळे कापड हाच उपाय सर्वत्र रूढ झाला.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. त्या काळी रूढ होऊ लागलेल्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच तीवरील सर्व क्रिया उरकाव्या लागत. म्हणून बाहेरगावी छायाचित्रे घेणाऱ्यास पाहण्यासाठी काळे कापड आणि रासायनिक क्रियांसाठी काळा तंबू, असा दुहेरी काळोख बरोबर न्यावा लागे. ही पद्धत उष्ण प्रदेशात किती त्रासाची ठरली असेल, हे सांगावयास नको.

हातातले कॅमेरे : जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याने हा प्रश्न सोडविला नाही, तर टाळला. त्यास दृश्यशोधकच नव्हता. पेटीच्या वरच्या बाजूस इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या रेषा होत्या व त्या रोखून नेम धरावयाचा असे. पुढील पेटी-कॅमेऱ्यांत कोपऱ्यात एक चिमुकले भिंग, आरसा व काच बसविण्यात आली. कॅमेरा छातीशी धरून तीत वरून डोकावावे लागे. उन्हात ती काच चमके आणि पाहणारा तळहाताचा आडोसा करी.

याला दोन निरनिराळी उत्तरे मिळाली. पहिले लायका कॅमेऱ्याचे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या या जर्मन कॅमेऱ्यावर गॅलिलीओच्या दुर्बिणीच्या उलट रचनेची नळी होती. येथे प्रतिमा कोणत्याही काचेवर पाडली जात नाही. डोळा नळीतून प्रत्यक्ष दृश्यच, किंचित लहान झालेले, पाहतो. त्यामुळे बाहेर जितके ऊन अधिक, तितके दर्शनही उजळ. मात्र नळी व भिंग वेगवेगळ्या जागी असल्याने जवळच्या वस्तूंच्या बाबतीत चौकट सरकते. दुसरे उत्तर १९२९ च्या रोलायफ्लेक्सचे. यात दोन भिंगे असून वरच्या भिंगाची प्रतिमा आरशाने घासलेल्या काचेवर येते. काचेभोवती घडीची चार पत्र्यांची टोपी उघडते आणि तीत एक वर्धक भिंगही असते. ऊन फारच असेल तर त्या भिंगाला डोळा लावावा, की टोपी जवळजवळ बंद कोठी बनते. प्रतिमा डावी-उजवी उलटलेली असे. सवयीने ते अंगवळणी पडे. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिकलेल्या व भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी हा कॅमेरा वापरला होता.

एकाच भिंगातून पाहावे व त्यातूनच छायाचित्र घ्यावे, ही कल्पना टॉमस सटन यांनी १८६१ मध्ये इंग्लंडात पेटंट करून घेतली होती. ती सोयीची झाली ती पंचकोनी लोलकामुळे. १९४९ मध्ये ड्रेस्डेन येथील काँटॅक्स एस आणि १९५९ मध्ये जपानी निकॉन एफ यांनी ही रचना प्रस्थापित केली. लोलकामुळे प्रतिमा सुलटी दिसे आणि नेत्रिकेला डोळा टेकताच बाहेरचा प्रकाश आपोआप अडे. चेहऱ्याचा आधार मिळाल्याने कॅमेराही स्थिर राही. उन्हाचा प्रश्न यानंतर जवळजवळ विस्मरणात गेला. उरली ती एक किरकोळ तक्रार : तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतून पाठीमागचे ऊन आत शिरे व प्रकाशमापकाला चकवी. त्यासाठी नेत्रिकेला झाकण देण्यात येई.

पडद्याचा उदय : ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनविलेल्या पहिल्या अंकीय कॅमेऱ्याचे वजन सुमारे ३·६ किग्रॅ. होते. त्याची प्रतिमा १०,००० बिंदूंची असून ती कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत आणि नंतर ती दूरचित्रवाणी संचावर पाहता येई. कॅमेऱ्यावर पडदा नव्हता. द्रव स्फटिक मात्र १८८८ पासून ज्ञात होते व १९७० नंतरच्या दशकात ते घड्याळे आणि गणकयंत्रांत वापरात आले. शार्प कंपनीने १९९२ मध्ये चलत्‌चित्रणाच्या कॅमेऱ्यावर नेत्रिकेऐवजी सुमारे १० सेंमी. चा रंगीत पडदा बसविला. स्थिरचित्रणात हे पाऊल कॅसिओ कंपनीच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याने १९९५ मध्ये टाकले. त्याचा पडदा ४·६ सेंमी. चा होता, ९६ चित्रे त्यात साठत आणि भिंगाचा भाग फिरविता येई. नेत्रिका त्यास नव्हतीच. चित्र घेतल्याक्षणी ते सर्वांना दाखविता येते, ही गंमत लोकांना इतकी भावली की पुढील दहा-पंधरा वर्षांत लहान कॅमेऱ्यांवरील नेत्रिका हळूहळू नाहीशी झाली. पडद्यासाठी जागा मोठी हवी होती व नळीचा खर्च वाचत होता. घराबाहेर, विशेषतः समुद्रकिनारी, बर्फात किंवा उन्हाळ्यातील माळावर, हा सौदा किती महाग पडतो हे ग्राहकाला दुकानाच्या सावलीत कळत नसे.

पडदा का दिसत नाही : भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. अशा उन्हातील पांढऱ्या सदऱ्याची दीप्ती सुमारे २५,००० कँडेला प्रती चौ. मी. असते. साध्या काचेचा पृष्ठभाग समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परावर्तित करतो. म्हणजे छायाचित्रकाराच्या सदऱ्याचे पडद्यातील प्रतिबिंब सुमारे १,००० कँडेलांचे होते. पडद्याचा स्वतःचा शुभ्र भाग ३०० कँडेलांचा धरला, तर डोळ्याला शुभ्र भाग १,३०० व काळा भाग १,००० असा दिसतो. खोलीत ज्या दोहोंत शेकडो पटींचा फरक होता, तो आता सव्वा पटीपेक्षा थोडा अधिक उरतो आणि चित्र पुसल्यासारखे होते. शिवाय उन्हाला सरावलेली बाहुली आकुंचित झालेली असल्याने मंद पडदा अधिकच काळवंडलेला भासतो.

सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा, असा जुन्या पुस्तकांतील नियम आहे. पडद्याच्या कॅमेऱ्यात हा नियम पाळला, की ऊन थेट पडद्यावर येते व त्यावरील धूळ आणि बोटांचे ठसे उजळून निघतात. सूर्य समोर घेतला तर पडदा सावलीत जातो, पण उजळलेला चेहरा व कपडे त्यात प्रतिबिंबित होतात. गडद रंगाचे कपडे घालावेत, ही अनुभवी मंडळींची सूचना म्हणूनच विनोदाची नव्हे.

उपाय : मागील दिवा प्रखर करणे हा पहिला उपाय सुचतो. परंतु ध्रुवक व रंगगाळण्या यांतून त्या दिव्याचा फार थोडा अंश बाहेर येतो. दीप्ती दुप्पट करावयाची तर दिव्याची शक्तीही तितकीच वाढवावी लागते आणि विद्युत् घट लवकर संपतो. काही कॅमेऱ्यांत पडद्याच्या वरच्या कडेला झरोका ठेवून उन्हालाच मागच्या दिव्याचे काम दिले गेले. ही युक्ती चतुर होती, पण सूर्य योग्य बाजूस असेल तरच चाले. काही पडद्यांत अर्धपरावर्तक थर घालून बाहेरचा प्रकाश आत परतविण्यात आला. अशा पडद्यांचे रंग खोलीत थोडे फिके दिसतात. अधिक टिकाऊ ठरला तो परावर्तन कमी करण्याचा मार्ग. संरक्षक काच व पडदा यांमधील हवेची पोकळी पारदर्शक राळेने भरली, की दोन परावर्तक पृष्ठभाग जवळजवळ नाहीसे होतात. कॅनन कंपनीने २००९ च्या ७डी या कॅमेऱ्यात ही रचना वापरली. सोनी कंपनीने लाल, हिरव्या व निळ्या बिंदूंना पांढऱ्या बिंदूची जोड दिली. २०१२ च्या आरएक्स१०० या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात असा पडदा होता.

तरीही नेत्रिकेची उणीव भासतच राहिली. २००८ च्या पॅनासॉनिक ल्यूमिक्स जी-१ या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात १४·४ लाख बिंदूंचा विद्युत् दृश्यशोधक होता, म्हणजे नळीच्या आत बंदिस्त केलेला छोटा पडदाच. ऑलिंपस कंपनीने २००९ मध्ये ई-पी१ हा कॅमेरा दृश्यशोधकाविना काढला आणि त्याच वर्षी निघालेल्या ई-पी२ ला तो वरून जोडण्याची सोय दिली. आरएक्स१०० च्या २०१४ मधील तिसऱ्या आवृत्तीत वर उचलून येणारी नेत्रिका बसविण्यात आली. पडद्यानेच नेत्रिका हटविली होती. उन्हाने तिला, निदान महागड्या कॅमेऱ्यांत, परत आणले असे म्हणण्यास हरकत नाही. स्वस्त कॅमेऱ्यांच्या वाट्याला मात्र ती क्वचितच आली.

न दिसणाऱ्या पडद्याचा परिणाम चौकटीपुरता राहत नाही. उन्हात चित्र काळे भासल्यामुळे छायाचित्रकार प्रकाश वाढवीत जातो आणि घरी आल्यावर आकाश व पांढरे कपडे तपशील हरवून कोरे झालेले आढळतात. म्हणून जाणकार पडद्यावरील चित्रापेक्षा प्रकाशाच्या वाटपाचा आलेख पाहतात. त्याचा आकार पडदा मंद दिसला तरी बदलत नाही. ध्रुवक काचांचे गॉगल वापरणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. द्रव स्फटिकाच्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असल्याने कॅमेरा आडव्याचा उभा केला, की काही पडदे पूर्ण काळे पडतात व कॅमेरा बिघडल्याचा समज होतो.

भ्रमणध्वनी हाच बहुसंख्यांचा कॅमेरा झाल्यानंतर दृश्यशोधक म्हणजे उघडा पडदा, हे समीकरण पक्के झाले. परिसरातील प्रकाश मोजून दीप्ती आपोआप वाढविणारे संवेदक त्यात असतात. मात्र कडक उन्हात यंत्र तापते आणि तापलेले यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी पडद्याची दीप्ती कमी करते. चित्रपटांच्या बाह्यचित्रणस्थळी पडद्यांना काळ्या टोप्या लावतात, आणि मोठ्या आकाराच्या फिल्मवर काम करणारे मोजके छायाचित्रकार घासलेल्या काचेमागे काळे कापड डोक्यावर ओढूनच प्रतिमा पाहतात.