महूदची नाजा ते मास्तरीणबाई : शांताबाई कांबळे यांचे जीवनकार्य

सार्वजनिक संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती वर्ग उघडले, किती मुलामुलींना आधार मिळाला, कोणी किती साहाय्य केले, याची नोंद अशा वेळी आदरपूर्वक घेतली जाते. ही नोंद घेताना समाजाच्या दृष्टीआड राहिलेल्या एका ऋणाचेही स्मरण व्हावे. ते ऋण आहे खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षिकांचे. ज्यांच्या हातून पिढ्यान् पिढ्या अक्षर गिरवून पुढे गेल्या, त्या मास्तरीणबाई निवृत्त झाल्या की गाव त्यांना हळूहळू विसरते. सोलापूर व सांगली या जिल्ह्यांच्या मातीत सारे आयुष्य वेचलेल्या शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचे चरित्र या विस्मरणाला अपवाद ठरले, कारण निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली.

जन्म आणि काळ

शांताबाईंचा जन्म १ मार्च १९२३ रोजी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात महूद या गावी एका गरीब महार कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव बाबर. लहानपणी त्यांना नाजा, नाजुका म्हणत. माणदेशाच्या या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचीही ओढाताण होई. मग ज्यांची उपजीविका गावकीच्या कामावर आणि बलुत्याच्या मूठभर धान्यावर अवलंबून, त्यांची स्थिती काय वर्णावी? निरोप पोहोचवणे, सरपण फोडणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे महार समाजाच्या वाट्याला येत आणि मोबदल्यात दारोदार भाकरी मागावी लागे. ही वतनी पद्धत मुंबई राज्यात कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

शांताबाईंच्या जन्मवर्षीच, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजास खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. ठराव झाला, पण व्यवहार बदलला नाही. त्या ठरावाने दिलेला पाण्याचा हक्क प्रत्यक्ष बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. अनेक गावांत शाळेत या मुलांना वेगळे बसवले जाई. बाजारपेठही त्याला अपवाद नव्हती. दुकानाच्या पायरीखाली उभे राहून माल मागायचा, पैसे दुरून ठेवायचे आणि माल वरून ओंजळीत पडेल तो घ्यायचा, अशी रीत होती. कापड मोजून देणारा गज एकच. पण गिऱ्हाईक कुठे उभे राहणार हे जन्मावरून ठरत असे. व्यापारी समाजाच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्यासारखे नाही.

आईवडिलांची तपश्चर्या

१९२१ च्या जनगणनेत भारतातील स्त्री-साक्षरता दोन टक्क्यांहूनही कमी होती. अशा काळात मोलमजुरी करणाऱ्या आईवडिलांनी मुलीला शाळेत घालावे, ही साधी गोष्ट नव्हती. मुलगी शाळेत गेली की घरात काम करणारे दोन हात कमी होत. धाकटी भावंडे सांभाळणे, पाणी आणणे, जळण गोळा करणे हे सारे मग आईवर पडे. तरीही नाजाची शाळा थांबली नाही.

त्याच सुमारास जैन समाजातही स्त्रीशिक्षणाचे कार्य आकार घेत होते. शेठ माणिकचंद हिराचंद यांच्यासारख्या दानशूरांच्या औदार्यातून विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली आणि मुंबई, सोलापूर येथे विधवा भगिनींसाठी श्राविकाश्रम उभे राहिले. त्या कार्याचा योग्य तो अभिमान बाळगताना एक भेद लक्षात घेतला पाहिजे. तेथे शिकणाऱ्या भगिनींच्या पाठीशी समाजाची पेढी उभी होती. महूदच्या नाजाचा मुख्य आधार म्हणजे उपाशीपोटी उन्हात राबणारे आईवडील. पुढे शांताबाईंनी आपले पुस्तक त्यांनाच अर्पण केले. ट्रस्टच्या नोंदवहीत कधीही न येणारे हे दान होते.

अध्यापनाचा प्रारंभ

त्या काळी मराठी सातवी, म्हणजेच व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. १९४२ साली शांताबाई सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. जिल्ह्यातील पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांची नोंद घेतली जाते. वय अवघे एकोणीस.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या मुलीच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तीच आता वर्गात खुर्चीवर बसून गावातल्या सर्व जातींच्या मुलींना बाराखडी शिकवू लागली. पाटी तपासायची तर हात लागणारच. चुकलेले अक्षर बोट धरूनच गिरवून घ्यावे लागते. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. त्याआधीची आठ वर्षे ही तरुण शिक्षिका आपले काम करीत होती, आणि त्या कामात शिवाशिवीला जागाच नव्हती.

संसार आणि मातृत्व

शांताबाईंचा विवाह कृष्णाजी कांबळे यांच्याशी झाला. तेही शिक्षक होते. लोक त्यांना मास्तर म्हणत. दोघेही अक्षराच्या सेवेत असल्याने संसार सुखाचा झाला असेल, असे वाचकाला वाटेल. परंतु मास्तरांनी दुसरे लग्न केले. मुंबई प्रांतात द्विभार्या-प्रतिबंधक कायदा होण्यास १९४६ साल उजाडले. तोपर्यंत अशा वेळी स्त्रीने निमूटपणे सवतीबरोबर राहावे, हीच रीत मानली जाई. शांताबाईंनी ते मानले नाही. त्या घर सोडून माहेरी आल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. कालांतराने पतिपत्नी पुन्हा एकत्र आले आणि संसार मार्गी लागला. हे सारे त्यांनी पुढे आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले. त्यात कोणाविषयी विखार नाही आणि लपवाछपवीही नाही.

लेकरे पदरात असतानाच त्यांनी १९५२ च्या सुमारास पुण्यात शिक्षक-प्रशिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. घर, मूल, नोकरी आणि परीक्षा यांची सांगड घालणे आजही कोणत्याही मातेस सोपे नाही. त्या काळी तर १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील शंभर स्त्रियांपैकी नऊ स्त्रियासुद्धा साक्षर नव्हत्या. १९५७ साली शांताबाई जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. जत, आटपाडी, सांगोला हा सारा भाग कोरडा. वाड्यावस्त्या विखुरलेल्या, वाटा खडतर. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त याच माणदेशातील शाळामास्तराचे चित्र रेखाटले आहे. तेथील वस्त्यांवर शाळा चालवणे म्हणजे काय, हे त्यावरून ध्यानात येते.

डॉ. आंबेडकरांच्या १९५६ च्या धर्मांतरानंतर कांबळे कुटुंबानेही बौद्ध धम्म स्वीकारला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, बोर्डाचा कारभार गेला. कागदावरील मथळे बदलले, पण बाईंचे काम तेच राहिले. एकूण एकोणचाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९८१ साली त्या निवृत्त झाल्या.

त्यांचे पुत्र अरुण कांबळे यांचा जन्म १९५३ साली आटपाडी तालुक्यातील करगणी येथे झाला. दलित पँथर चळवळीतील ते एक अग्रणी. कवी, विचारवंत आणि मुंबई विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी नाव मिळवले. पाठीवर थाप मारून लढायला पाठवणारी माता इतिहासात अनेकदा भेटते. येथे आधी पाटीवर अक्षर गिरवून देणारी माता दिसते.

निवृत्तीनंतरचे लेखन

निवृत्तीवेतन सुरू झाले की माणूस विसाव्याची वाट पाहतो. शांताबाईंनी मात्र वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर आपली कहाणी लिहावयास घेतली. १९८३ साली ती ‘पूर्वा’ मासिकातून क्रमशः आली आणि १९८६ साली ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या नावाने ग्रंथरूप झाली. दलित स्त्रीने लिहिलेल्या अगदी पहिल्या आत्मकथनांत या पुस्तकाची गणना होते. पुढे मुंबई दूरदर्शनने त्यावर आधारित ‘नाजुका’ ही मालिका दाखवली आणि महूदची नाजा घरोघरी पोहोचली.

या पुस्तकाची भाषा विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चार दशके शाळेत शुद्ध मराठी शिकवलेल्या शिक्षिकेने स्वतःची गोष्ट सांगताना आपल्या आईची बोली निवडली. नावातच ‘माझ्या जन्माची’ असे न लिहिता ‘माज्या जल्माची’ असे लिहिले. शिक्षणाने त्यांना प्रमाणभाषा दिली, पण घरची बोली हलकी वाटावी असा अहंकार दिला नाही. शिकलेल्या मुलामुलींना घरच्या भाषेची लाज वाटू लागते, असा अनुभव सर्वच समाजांत येतो. त्यांच्यासाठी हा मोठा वस्तुपाठ आहे.

उत्तरायुष्य

डिसेंबर २००९ मध्ये अरुण कांबळे यांचे हैदराबाद येथे अकाली निधन झाले. शांताबाई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. ज्या मुलाला बोट धरून शिकवले, त्याचा वियोग उतारवयात सोसावा लागणे यासारखे दुःख नाही. त्यानंतरही त्यांनी तेरा वर्षे आयुष्य पाहिले. २५ जानेवारी २०२३ रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची शंभर वर्षे पूर्ण होण्यास अवघे पाच आठवडे उरले होते.

व्यापारी माणसाला नाणे आणि उधारी यांतला फरक चांगला समजतो. ज्या समाजाने या बालिकेला उंबरठ्याबाहेर उभे केले, त्याच समाजाच्या लेकींना तिने एकोणचाळीस वर्षे अक्षर दिले. हे देणे खात्यावर तसेच उभे आहे. फुले वाहून वा फलक लावून ते फिटत नाही. आज प्रत्येक संस्थेच्या दाराशी कोणी ना कोणी नाजा उभी असते. तिच्या आईच्या हाताला काम नसते, वडिलांच्या खिशात फीचे पैसे नसतात, आणि शिकण्याची आस मात्र डोळ्यांत मावत नाही. तिची जात, पंथ वा गाव न विचारता तिला आत घ्यावे, तिच्या वह्या-पुस्तकांची तजवीज करावी. पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा शुभारंभ याहून योग्य कोणता असू शकेल?

शांताबाई कांबळे यांच्या पवित्र स्मृतीस, आणि गावोगावच्या ज्ञात-अज्ञात मास्तरीणबाईंना, या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी विनम्र अभिवादन.