गढीवरची गोफण

वर्ध्याहून आर्वीकडे निघालेली एसटी आंजी (मोठी)ला थांबते. तुम्ही उतरता आणि डांबरी रस्ता सोडून धाम नदीच्या खोऱ्यातल्या काळ्या वावरांमधून चालू लागता. एसटीचा घरघराट विरतो. विजेचे खांब दिसेनासे होतात. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी उभी राहते, हुरड्यावर आलेली. साल 1812. दसरा होऊन महिना उलटलाय.

हाच पेंढाऱ्यांच्या लुटीचा हंगाम. नद्या घोड्याला उतार देऊ लागल्या की नर्मदेकडून टोळ्या सुटतात. तंबू नाही, सामानसुमान नाही. दिवसाला वीस-वीस कोस दौड. 1811 साली ते थेट नागपूरवर आले आणि तिथली एक वस्ती जाळून गेले. राजधानीची ही गत, तर खेड्याला कोण राखणार? म्हणून भोसल्यांच्या मुलखात गावोगाव मातीच्या गढ्या उठल्या आहेत. आंजीच्या पंचक्रोशीतल्या अशाच एका गढीसमोर तुम्ही उभे आहात.

वेशीवरून येसकराची हाळी येते. उत्तरेला धुळीचा लोट दिसतो.

तुम्ही लोकांबरोबर पळत सुटता. गुरं, लेकरं, धान्याची पोती, कोणाच्या डोक्यावर जातं. आत आलं ते आपलं, बाहेर राहिलं ते गेलं. येसकर सगळ्यांत शेवटी आत येतो आणि दाराला अडसर लावतो. त्याचं घर मात्र बाहेरच राहिलंय. येसकर महार, आणि महारवाडा नेहमीच वेशीबाहेर.

भिंतीला हात लावा. पांढरी माती, थरावर थर. गव्हांड्याचे तुकडे बोटांना टोचतात. वर एक तोड्याची बंदूक आहे. बाकी कुऱ्हाडी, विळे, भाले. पगारी शिपाई एकही नाही. काल ज्वारी राखणारेच आज गढी राखतायत. एक म्हातारी तुमच्या हातात गोफण ठेवते.

“कायले भेतं रे बाप्पा? पाखरं हाकलतं तसंच हाक.”

गोफणीच्या एका टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरं टोक मुठीत धरायचं. झोळीत लिंबाएवढा गोटा. डोक्यावर दोन गरके घ्यायचे आणि तिसऱ्याला मुठीतलं टोक सोडायचं. तुमचा पहिला गोटा भिंतीतच बसतो. दुसरा बाहेर जातो. शेजारच्या पोराचा गोटा घोड्याच्या कानशिलात बसतो, घोडं उधळतं.

पेंढाऱ्याला वेढा घालून बसायला सवड नसते. झटपट मिळेल ती लूट घ्यायची आणि पुढचं गाव गाठायचं. दुपार कलते तसा टापांचा आवाज लांब जातो. बाहेरची घरं धुमसतायत, वावरातली ज्वारी तुडवली गेलीय. येसकर अडसर काढतो आणि सगळ्यांत आधी बाहेर पडतो.

धूर डोळ्यांत जातो. तुम्ही डोळे चोळता, तर पुढ्यात आजची कपाशी.

1817-18 च्या मोहिमेत इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बीमोड केला; त्यांचा म्होरक्या चितू 1819 मध्ये जंगलात वाघाच्या तोंडी गेला. त्याच धामधुमीत, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला, नागपुरात इंग्रज आणि भोसल्यांमध्ये सीताबर्डीची लढाई झाली. त्या टेकडीवर किल्ला आहे, इंग्रज सैनिकांच्या कबरी आहेत. राष्ट्रीय सणांना लोक रांग लावून तो बघायला जातात.

गढीवर लढलेल्यांची मात्र कुठे नोंद नाही. विदर्भात अशा कितीतरी गढ्या पावसाने खचल्या आणि ज्या उरल्यासुरल्या, त्या लोकांनी खणून नेल्या. गावठाणाची पांढरी माती घराच्या भिंतींना चांगली, वावरात टाकली तर खतासारखी लागते. त्या माणसांचं स्मारक असं गाडी-गाडीने शेतात पसरलं आणि पिकात उतरलं.

रस्त्याला लागण्याआधी तुम्ही मागेपुढे बघता. कोणी नाही. हात वर नेऊन दोन गरके घेता आणि तिसऱ्याला मूठ उघडता. कपाशीतून चार-दोन साळुंक्या भर्रकन उडतात. आर्वीकडून एसटी येताना दिसते. तिला हात दाखवायला जाता, तर खांदा भरून आलेला असतो.