तबकडीवर उरलेला आवाज

‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ हा वॉर्नर ब्रदर्सचा रंगीत बोलपट ऑगस्ट 1929 मध्ये न्यूयॉर्कला झळकला आणि त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला. आज त्याचा ध्वनी पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत ऐकता येतो. पाहता येतात ती मात्र मुख्यतः अखेरची दोन रिळे, तीही ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया अशा दोन टोकांना सापडलेली. शंभराहून अधिक मिनिटांच्या चित्रपटाचे चित्र बहुतांशी नाहीसे झाले आणि आवाज तेवढा सुरक्षित राहिला. असे का घडले, याचे उत्तर त्या काळच्या यंत्रणेत आहे.

वॉर्नर ब्रदर्सने 1926 साली स्वीकारलेल्या ‘व्हायटाफोन’ पद्धतीत ध्वनी फिल्मवर नसे. तो सोळा इंच व्यासाच्या तबकडीवर मुद्रित केलेला असे. एका तबकडीची एक बाजू म्हणजे हजार फुटांचे एक रीळ, सुमारे अकरा मिनिटे. प्रोजेक्टर आणि तबकडीचे चक्र एकाच मोटरवर चाले. फिल्म मिनिटाला नव्वद फूट सरके आणि तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेई. सुई आतल्या खोबणीतून बाहेरच्या कडेकडे जाई. आतल्या फेऱ्यांत स्पष्ट ध्वनी उमटणे अवघड असते, म्हणून नवी कोरी, टोकदार सुई तिथून सुरू व्हावी, हा त्यामागचा हिशेब होता.

या तबकडीचे लेबल इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्यावर चित्रपटाचे नाव आणि रिळाचा क्रमांक असतो. सुई नेमकी कुठे ठेवायची ते दाखवणारी बाणाची खूण तबकडीवरच असते. लेबलावर छोट्या चौकटीही छापलेल्या असतात. प्रत्येक खेळानंतर ऑपरेटरने एक चौकट खोडायची आणि साधारण वीस खेळांनंतर झिजलेली तबकडी बाद करायची, असा दंडक होता. आज हाती आलेल्या तबकडीवरच्या या फुल्या मोजल्या, की ती किती वेळा वाजली याचा अंदाज येतो. ज्या माणसाने त्या फुल्या मारल्या त्याला आपण पुरावा निर्माण करतो आहोत याची कल्पनाही नसेल. असे अजाणता निर्माण झालेले पुरावे बहुधा अधिक विश्वासार्ह असतात.

फिल्मवरही अशाच खुणा सापडतात. खेळ चालू असताना फिल्म तुटली आणि काही चौकटी वाया गेल्या, तर तेवढ्याच काळ्या चौकटी मध्ये जोडाव्या लागत. नाहीतर तिथून पुढे ओठ आणि शब्द यांची फारकत होई. काही वर्षांतच ध्वनी फिल्मच्या कडेवर मुद्रित होऊ लागला आणि तबकडीची पद्धत मागे पडली. नायट्रेटची फिल्म रासायनिक विघटनाने कुजली, जळाली किंवा निकामी माल म्हणून नष्ट केली गेली. तबकड्यांना वेगळे पाय फुटले. कुणी त्या थिएटरच्या माळ्यावर टाकल्या, कुणी घरी नेल्या, काही ग्रामोफोन संग्राहकांकडे पोहोचल्या. चित्र एका देशात आणि आवाज दुसऱ्या देशात, अशी ताटातूट झाली ती यामुळे.

ती सांधण्याचे काम अनेक संस्था करत होत्या. त्यात 1991 साली अमेरिकेत ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ची भर पडली. रॉन हचिन्सन आणि त्यांचे सहकारी हे हौशी संग्राहक. कोणाकडे कोणती तबकडी आहे याची यादी करायची आणि ती लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसीएलए) यांच्या संग्रहांतील मुक्या रिळांशी ताडून पाहायची, असा त्यांचा साधा, चिकाटीचा क्रम होता. हचिन्सन 2019 साली गेले. तोवर हजारो तबकड्यांचा ठावठिकाणा लागला होता आणि अनेक लघुपटांना आपला आवाज परत मिळाला होता. ‘व्हाय बी गुड?’ (1929) या कॉलीन मूरच्या चित्रपटाचे संगीत आणि ध्वनिपरिणाम तबकड्यांवर होते, चित्राची प्रत इटलीत निघाली. 2014 साली दोन्ही एकत्र आले आणि एकेकाळच्या अत्यंत लोकप्रिय नटीची अखेरच्या मूकपटांतील एक भूमिका पुन्हा पाहता आली.

अशा जुळणीमुळे प्रस्थापित समजही तपासून घ्यावे लागतात. अल जोल्सन ‘द जॅझ सिंगर’ (1927) मध्ये प्रेक्षकांना उद्देशून, अजून तुम्ही काहीच ऐकलेले नाही, अशा अर्थाचे वाक्य बोलतो. बोलपटाच्या जन्माची ग्वाही म्हणून ते वाक्य वर्षानुवर्षे सांगितले गेले. परंतु त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर 1926 मध्ये, ‘अ प्लँटेशन अ‍ॅक्ट’ या लघुपटात जोल्सनने तीन गाणी म्हटली होती. हा लघुपट बराच काळ हरवलेला मानला जात होता. मुके चित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात मिळाले. तबकडी मिळाली ती फुटलेली आणि कुणीतरी ओबडधोबड चिकटवलेली. प्रत्येक सांध्यावर सुई उडत होती. ध्वनितंत्रज्ञांनी तो आवाज खंडाखंडाने सांधला तेव्हा जोल्सनच्या तोंडी तेच वाक्य ऐकू आले. ते 1927 चे नव्हे, 1926 चे आणि त्याआधीच्या रंगमंचावरचे त्याचे ठेवणीतले वाक्य होते. याच चित्रात जोल्सन चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांचे सोंग घेतो. त्या काळच्या अमेरिकी करमणुकीतला हा वंशभेदही त्याच पुराव्याचा भाग आहे. आवाज स्वच्छ करताना इतिहास स्वच्छ करून चालणार नाही.

पुन्हा ‘गोल्ड डिगर्स’कडे वळू. या चित्रपटात मेबल ही समूहनर्तिकेची विनोदी भूमिका केली विनी लाइटनरने. ती व्हॉडविलमधून आलेली. गाणी, नकला आणि चुटक्यांच्या त्या रंगभूमीवर ‘मिनिटाला एक गाणे’ म्हणणारी मुलगी, अशी तिची ख्याती होती. तिचे काम कसे होते हे ठरवायला आज चार प्रकारचे पुरावे आहेत. तबकड्यांवरून तिच्या संवादांचा वेग, गाण्यांचा क्रम आणि प्रसंगांची लांबी कळते. उरलेल्या रिळांवरून लाल-हिरव्या या दोनच रंगांच्या टेक्निकलरमधला रंगमंच आणि समूहनृत्ये दिसतात. तिसरा पुरावा समकालीन परीक्षणांचा, चौथा छापील जाहिराती आणि छायाचित्रांचा. या सर्वांतून तिने एखादे गाणे कसे म्हटले ते नि:शंक सांगता येते. ते म्हणताना तिने हात कसे उडवले, हे मात्र चित्र नसलेल्या रिळांबाबत सांगता येत नाही. छायाचित्र दिसते म्हणून ते त्याच क्षणाचे असेल असे मानणे चूक, कारण जाहिरातीची छायाचित्रे अनेकदा वेगळी, मुद्दाम उभे करून घेतलेली असत.

चित्रपटाच्या अखेरच्या गाण्यानंतर मेबलला एक भारदस्त वाक्य म्हणायचे असते आणि पुढची ओळ ती ऐन वेळी विसरते. तबकडीवर हा विनोद शाबूत आहे. सापडलेल्या शेवटच्या रिळातून अखेरचे सुमारे एक मिनिट गहाळ आहे. म्हणून तिची फजिती आपण ऐकतो. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ही जागा पुनर्रचनेत मोकळीच ठेवावी लागते. ती कल्पनेने भरायचा मोह टाळणे हीच या कामातली शिस्त.

लाइटनरचे ‘होल्ड एव्हरीथिंग’ आणि ‘शी कुडन्ट से नो’ हे 1930 चे दोन चित्रपटही आज ध्वनिरूपानेच उरले आहेत. त्याच वर्षी संगीतपटांचा अतिरेक होऊन प्रेक्षक विटले आणि स्टुडिओ तयार चित्रपटांतून गाणी कापू लागले. जिची सारी भिस्त गाण्यावर, तिला याचा फटका बसला. तिचा अखेरचा चित्रपट 1934 चा. पुढे तिने दिग्दर्शक रॉय डेल रूथशी संसार केला आणि 1971 साली ती वारली. नंतरच्या पिढ्यांनी जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर पाहिले. तिथे तिचे सर्वांत गाजलेले काम दाखवायला प्रतच नव्हती. तिचे विस्मरण हा तिच्या कलेवरचा निकाल नव्हे. प्रती कशा उरल्या आणि कशा गेल्या, याचा तो परिणाम आहे. विस्मृत कलावंतांविषयी लिहिताना आधी हा फरक करायला हवा.

संवादांचा आणखी एक साठा अनपेक्षित ठिकाणी आहे. न्यूयॉर्क राज्याचे सेन्सॉर मंडळ प्रत्येक चित्रपटाची संवादसंहिता मागून घेई. त्या पन्नास हजारांहून अधिक संहिता आज ऑल्बनी येथील राज्य अभिलेखागारात आहेत. आक्षेप शोधण्यासाठी गोळा केलेल्या कागदांनी हरवलेल्या चित्रपटांचे शब्द वाचवले.

आपल्याकडच्या बोलपटाचा धागा या काळाशी थेट जोडलेला आहे. युनिव्हर्सलचा अर्धाअधिक मूक असलेला ‘शो बोट’ (1929) मुंबईच्या एक्सेल्सियर चित्रगृहात पाहून अर्देशीर इराणींना बोलपट काढण्याची प्रेरणा मिळाली. त्यांचा ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये लागला. त्यांनी वापरलेल्या टॅनर यंत्रणेत चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. त्या गाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही निघाल्या नाहीत. फिल्म गेली तेव्हा आवाजही तिच्यासोबतच गेला. आज आपल्यापाशी काही छायाचित्रे, जाहिराती आणि पुस्तिका आहेत. विनी लाइटनर निदान ऐकू तरी येते. वझीर मोहंमद खान यांनी म्हटलेले आपल्या बोलपटातले पहिले गाणे ऐकण्याची सोय कुठेच नाही.

म्हणून एक विनंती. घर आवरताना जुन्या तबकड्या, गाण्यांच्या पुस्तिका, चित्रगृहाच्या हिशेबवह्या किंवा फिल्मचे डबे हाती लागले, तर ते रद्दीत किंवा भंगारात घालू नका. जुनी फिल्म ज्वालाग्राही असू शकते. ती उघडू नका, दिव्याजवळ किंवा उन्हात ठेवू नका. वस्तू कुठे, कोणाकडून आणि कोणत्या वस्तूंसोबत मिळाली ते त्याच दिवशी कागदावर लिहा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. तुमच्याकडच्या तुकड्याचा दुसरा अर्धा भाग कुठेतरी कोणी जपून ठेवलेला असू शकतो.